शेवटचा हात

सीएसटी रोडवरून आत वळलं की कपाडिया नगरच्या बोळात
आठ बाय अठराचा आमचा गाळा.
त्यात उभी आहे रेबेलो डॉक्टरीणबाईंची गाडी.
काळी. म्हणजे लांबून काळी,
दिवा जवळ नेला की टपोऱ्या जांभळासारखी
आतून कुठेतरी निळी.

पांढरी गाडी झाकून घेते.
चंदेरी तर वर्षानुवर्षांचं पोटात घालते.
काळी चहाडखोर.
कुणी कसल्या फडक्यानं पुसलं, किती घाईत,
कुठल्या वॉचमनचा झाडू टेकला होता दाराला,
सगळं सांगते.
बल्बभोवती गोल गोल कोळ्याचं जाळं,
बल्ब सरकवला की जाळंही सरकतं.

जाड काम काल झालं.
लोकरीच्या पॅडनं जुने ओरखडे काढले
आणि आपले बारीक मागे ठेवले.
प्रत्येक औषध काहीतरी ठेवून जातंच;
डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर पटेल.

आता शेवटचा हात.
इम्तियाज विचारतो, चितारीभाई, कुठली देऊ?

फळीवर तीन बाटल्या.
पहिली महाग, ताकासारखी पातळ,
चार चार फेऱ्या मागते,
आणि दमट हवेत रुसून गोळे धरते.
दुसरी बरी आहे. मे महिन्यात भुकटी होते इतकंच.
तिसरी तेलकट, सगळ्यांची लाडकी.
ओरखडा काढत नाही ती, थोपटून झोपवते.
दोन मिनिटांत आरसा.
पाच-सहा धुण्यांनी जाग येते त्याला,
तोवर पैसे खिशात.

गाळवणकरांच्या गाडीला तीच लावली होती मी.
उद्या गिऱ्हाईक येणार, म्हणाले, चमकली म्हणजे झालं.
बॉनेटमध्ये बघून केस विंचरले त्यांनी,
वर दोनशे दिले.

दोन महिन्यांनी अमर महलच्या सिग्नलला
तोच नंबर, माझ्या बाजूला.
अकराचं ऊन.
नव्या मालकानं खिडकीतून हात बाहेर काढून
दाराचा पत्रा अंगठ्यानं घासून पाहिला,
मग शर्टाच्या बाहीनं,
मग बाही थुंकीनं ओली करून.
मी हेल्मेटची काच खाली केली.
सिग्नल काही सुटेना.

सावंतवाडीला बाबा लाखेचे भोवरे करायचे.
रंग चढला की फिरत्या भोवऱ्याला
केवड्याचं पान लावायचे, शेवटी.
दाबायचं नाही, म्हणायचे, नुसतं असू द्यायचं.
मी दाबायचो.
करपल्या लाखेचा वास येई
आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर, काही न बोलता.
काळे भोवरे ते संध्याकाळी करतच नसत.
सकाळी, अंगणाकडच्या दारात.

बॉनेटवर टेप लावून तीन चौकोन पाडले.
तिन्ही बाटल्या, एकेक चौकोन.
तिन्ही सारखेच लखलखले, लबाड.
मग स्पिरिटचं फडकं फिरवलं.
तिसऱ्यात जाळं उठून बसलं,
झोपमोड झालेल्या माणसासारखं.
दुसऱ्यात धुकं, डोळे बारीक केले तरच.
पहिल्यात काही नाही.
नुसता बल्ब, आणि बल्बवर बसलेला डास.

ठरलेल्या पैशात पहिली बसत नाही.
इम्तियाज म्हणतो, बाई दवाखान्यात असतात दिवसभर,
बघणार कोण?
खरंच आहे त्याचं.
गेले आठ महिने ती गाडी चिंचेखाली उभी असते.

मऊ पॅड काढला. काळा, नवा, दोनदा झटकून.
मशीनचा वेग खाली आणला,
त्याचं वजन माझ्या हातावर घेतलं,
पत्र्यावर काहीच ठेवलं नाही.
एक फेरी. दुसरी. तिसरीला खांदा भरून आला.

रात्री साडेनऊला दिवा फिरवला.
आत खोलवर एकच बल्ब,
त्याच्या खाली इम्तियाज उलटा,
नाकाला पांढरी भुकटी,
विचारतोय, कटिंग सांगू का दोन?